टिकणारें काम आणि तें चालविणारा

एखाद्या कचेरीचें किंवा कारखान्याचें काम उत्तम चाललें आहे असें लोक म्हणतात, तेव्हां त्यांच्या डोळ्यांपुढें बहुधा एखादा मोठा हंगाम असतो. दिवाळीचा माल वेळेवर रवाना झाला, मार्चअखेरचे हिशेब रात्रीचा दिवस करून पुरे झाले, असें कांहीं तरी घडलें कीं वरिष्ठाचें कौतुक होतें. पण हंगाम सरल्यावर तींच माणसें पुढच्या हंगामाला त्याच उमेदीनें उभीं राहतील कीं नाहीं, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक वरिष्ठाची खरी परीक्षा तेथेंच होते. माणसांना एक महिना धावविणें फारसें कठीण नाहीं. धाक, लालूच किंवा नुसती भीड, यांतलें कोणतेंहि एक साधन त्याला पुरतें. तेंच काम वर्षानुवर्षें उत्तम चालविणें, आणि चालवितांना माणसांची प्रकृति व मन शाबूत राखणें, याला निराळ्याच सवयी लागतात. त्या हाताखालच्या लोकांना सांगून लागत नाहींत. वरिष्ठाला त्या आधीं स्वतःला लावून घ्याव्या लागतात.

या सवयींवर आजकाल पुष्कळ लिहिलें जातें. पुस्तकांच्या दुकानांत त्यासाठीं स्वतंत्र कपाटें असतात, आणि त्यांतून दूरदेशच्या धनाढ्य उद्योगपतींचा दिनक्रम मोठ्या भक्तिभावानें वर्णिलेला आढळतो: कोण पहाटे चारला उठतो, कोण थंड पाण्यांत बुडी मारतो, कोण न्याहारीच करीत नाहीं. या माहितीनें करमणूक होते, परंतु चाकरमान्या माणसाच्या हातीं त्यांतून थोडेंच लागतें. मीरा-भाईंदरच्या रहिवाशाला तर इतकें लांब जाण्याचें प्रयोजनच नाहीं. २८ फेब्रुवारी २००२ रोजीं महानगरपालिका झालेल्या, आणि २०११ च्या शिरगणतींत आठ लाखांवर वस्ती भरलेल्या या शहराच्या पश्चिम टोकाला उत्तन, पाली, चौक हीं कोळ्यांचीं जुनीं गांवें आहेत. तेथल्या होडीवरचा तांडेल या विषयांत पुष्कळ कांहीं शिकवूं शकतो.

तांडेल म्हणजे होडीचा चालक आणि खलाशांचा प्रमुख. या किनाऱ्यावर डोलजाळ्याची मासेमारी फार दिवसांची आहे. हें जाळें लांबलचक पिशवीसारखें असतें. तोंड रुंद आणि शेपूट निमुळतें. माशांचा पाठलाग करीत तें ओढीत नेत नाहींत. समुद्राच्या तळाशीं रोंवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना बांधून, प्रवाहाकडे तोंड करून तें पाण्यांत धरून ठेवतात. मग भरती-ओहोटीचें पाणीच आपल्या वेगानें बोंबील, जवळा, करंदी, मांदेली यांना आंत आणून सोडतें. म्हणजे येथें अर्ध्याहून अधिक काम समुद्रानें करावयाचें असतें. माणसाचें काम एवढेंच, कीं योग्य वेळीं योग्य जागीं जाळें लावावें आणि तितक्याच योग्य वेळीं तें उचलावें. अमावास्या व पौर्णिमा यांच्या आगेमागें उधाण असतें. तेव्हां प्रवाह जोराचा. अष्टमीच्या सुमारास भांग येतो. तेव्हां पाणी मंदावतें आणि जाळें नुसतें लोंबकळत राहतें. शिवाय भरतीची वेळ रोज सुमारें पन्नास मिनिटें पुढें सरकते. आज पहाटे चार वाजतां जें काम निघालें, तें चार दिवसांनीं सकाळीं सात वाजून गेल्यावर निघतें. या घड्याळाशीं हुज्जत घालून कोणाचेंहि चालत नाहीं.

आतां अशा ठिकाणीं चांगला तांडेल काय करतो? उधाणाच्या दिवसांत तो स्वतःहि झोंपेची फारशी पर्वा करीत नाहीं आणि खलाशांनाहि करूं देत नाहीं. पाण्याला वेग आहे तोंवर एकहि फेरी वायां जातां कामा नये, हा त्याचा कटाक्ष असतो. परंतु भांग लागला कीं तोच मनुष्य हात आंवरतो. जाळीं किनाऱ्यावर येतात, वाळतात. फाटलेले डोळे विणले जातात, दोर हातांतून ओढून झिजलेली जागा शोधली जाते, यंत्राची देखभाल होते, आणि माणसें झोंप भरून काढतात. हे दिवस धड सुटीचेहि नव्हेत आणि धड कामाचेहि नव्हेत. पण पुढच्या उधाणांत जाळें तुटणार कीं टिकणार याचा निकाल याच दिवसांत लागतो. एखाद्या हट्टी तांडेलानें भांगांतहि उधाणाच्याच जोरानें होडी नेली तर काय होईल? डिझेल जळेल, खलाशी थकतील, मासळी मूठभर येईल, आणि आठवड्यानें खरें काम आलें म्हणजे दमलेलीं माणसें व न दुरुस्त केलेलें जाळें घेऊन त्याला समुद्राला तोंड द्यावें लागेल. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र हाच तांडेल अधिक उद्योगी वाटण्याचा संभव आहे! कचेऱ्यांतून नेमकी हीच चूक होते. जो कधीं थांबत नाहीं तो कर्तबगार, असा समज दृढ झालेला असतो.

वर्षाच्या मापानेंहि हीच रीत दिसते. अलीकडच्या वर्षांत राज्य शासनाच्या आज्ञेनें १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद ठेवण्यांत येत आली. माशांच्या विणीचा तो काळ, आणि समुद्रहि खवळलेला. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, फळ्या व सांधे तपासले जातात. ज्याच्या होडीची डागडुजी या दोन महिन्यांत नीट होत नाहीं, त्याला नारळीपौर्णिमेनंतरचा उत्तम हंगाम किनाऱ्यावर बसून पाहावा लागतो.

आणखी एक गोष्ट उत्तनच्या किनाऱ्यावर सहज दिसते, आणि ती मोठमोठ्या व्यवस्थापकांच्या ध्यानांत येत नाहीं. बोंबील हा अति नाजूक मासा. त्याच्या अंगांत पाण्याचा अंश फार, म्हणून तो लवकर नासतो. जो ताजा विकला जाणार नाहीं तो वेळेवर वलांडीवर चढून उन्हांत वाळला पाहिजे, आणि हें काम मुख्यतः किनाऱ्यावरच्या स्त्रियांच्या हातांतून होतें. तांडेलानें कितीहि मासळी आणली तरी किनाऱ्यावरचे हात जेवढी निवडतील, विकतील आणि वाळवितील तेवढीच कामीं येते. उरलेली कुजते. म्हणून होडीवरचा वेग हा होडीवर ठरत नाहीं. तो पुढच्या हातांच्या शक्तीवर ठरतो. एका खात्याच्या प्रमुखानें आपल्या लोकांना राबवून दुप्पट कागद तयार केले, आणि पुढचें खातें ते निम्मेच तपासूं शकलें, तर त्या दुप्पट श्रमाचा उपयोग काय? कागद कुजत नाहींत एवढाच फरक. आणि कुजले असते तर बरें झालें असतें, कारण वासानें तरी कोणाच्या लक्षांत आलें असतें.

मुंबईच्या डबेवाल्यांच्या टोळींतला मुकादम हें याच जातीचें दुसरें उदाहरण. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं हा उद्योग सुरू केला. १९५६ सालीं त्याची विश्वस्त संस्था नोंदली गेली. मावळ, खेड, जुन्नर या भागांतले हे लोक. २०२० च्या साथीनें त्यांच्या धंद्याला जबर तडाखा बसला आणि त्यांची संख्या पुष्कळ घटली. पण त्यापूर्वीं सुमारें पांच हजार माणसें हें काम करीत असत, आणि त्यांच्यावर कोणताहि मोठा साहेब नव्हता. वीस-पंचवीस जणांची एक टोळी, आणि तिचा एक अनुभवी मुकादम, एवढीच मांडणी. मुकादम गिऱ्हाइकांशीं बोलतो, तंटे मिटवितो, हिशेब पाहतो, आणि शिवाय स्वतःहि डबे वाहतो. या शेवटल्या गोष्टीचें महत्त्व मोठें आहे. ज्याच्या डोक्यावर रोज तोच भार आहे त्याला कोणता जिना उंच आहे, कोणत्या फलाटावर गर्दी अडते, एका माणसाला किती डबे झेपतात, हें विचारावें लागत नाहीं. खुर्चींत बसून दुसऱ्याच्या शक्तीचा अंदाज करणारा मनुष्य बहुधा चुकतो, आणि नेहमीं एकाच बाजूला चुकतो.

मुकादमाची दुसरी सवय अशी, कीं टोळींत गरजेपेक्षां कांहीं हात तो जास्त राखतो. एखादा आजारी पडला, एखाद्याची गाडी चुकली, तर त्याचे डबे उचलणारा कोणी तरी तयार असतो. हिशेबी व्यवस्थापक या जास्तीच्या हातांना उधळपट्टी म्हणेल. पण ज्या कचेरींत प्रत्येक मनुष्य पूर्ण भरलेला आहे, तेथें एकाला ताप आला कीं दुसऱ्यावर दोघांचा भार पडतो आणि आठवड्यानें तोहि अंथरुणाला खिळतो. शिवाय डबेवाले दरवर्षीं चैत्राच्या सुमारास गांवच्या जत्रांसाठीं सर्व मिळून कांहीं दिवस काम बंद ठेवतात, तसें आगाऊ जाहीर करतात, आणि मुंबईचे गिऱ्हाईक तें मुकाट्यानें मान्य करतात. सुटी एकट्यानें घेतली तर मागें कामाचा ढीग सांचतो आणि मन तेथेंच राहतें. सर्वांनीं मिळून घेतली तर ढीग सांचतच नाहीं. ही युक्ति कोणा शास्त्रज्ञानें त्यांना शिकविलेली नाहीं.

शास्त्रज्ञांनीं मात्र पुढें तिचा पडताळा पाहिला. जर्मनींतील येना या गांवीं झाइस यांचा सूक्ष्मदर्शक यंत्रांचा प्रसिद्ध कारखाना होता. त्याचा चालक अर्न्स्ट आबे हा स्वतः मोठा पदार्थविज्ञानवेत्ता. पण जन्म सूतगिरणींतल्या कामगाराच्या घरीं. लहानपणीं तो बापाचा दुपारचा डबा गिरणींत घेऊन जाई, आणि बाप यंत्राला टेंकून उभ्याउभ्यानेंच तो खाई. चौदा-चौदा, सोळा-सोळा तास उभें राहून तो धट्टाकट्टा मनुष्य पन्नाशीच्या आंतच म्हातारा झाला. हें पाहिलेल्या मुलानें १९०० सालीं आपल्या कारखान्यांत रोजच्या कामाचे तास नवावरून आठ केले. पण त्याचें वैशिष्ट्य असें, कीं दयेवर विसंबून न राहतां त्यानें मोजमाप ठेवलें. कामाच्या मानानें मजुरी मिळणाऱ्या २३३ कामगारांचें आधींचें एक वर्ष आणि नंतरचें एक वर्ष त्यानें ताडून पाहिलें. दर तासाचें काम सुमारें १६ टक्क्यांनीं वाढलें होतें. आठ तासांत नऊ तासांइतकें, किंबहुना त्याहून किंचित् अधिकच काम होत होतें. नवव्या तासांत कामगार जें करीत होता, त्याचें मोल तो दुसऱ्या दिवशीं पहिल्या आठ तासांत परत देत होता, असाच याचा अर्थ.

आबेच्या दहा वर्षें आधीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांनीं हाच मुद्दा गिरणीमालकांपुढें मांडला होता. फक्त त्यांच्याजवळ तक्ते नव्हते, माणसें होतीं. सप्टेंबर १८८४ मध्यें परळ येथें कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारें ५,५०० सह्यांचा अर्ज निघाला. त्यांतील मागण्या आज वाचल्या म्हणजे मन थक्क होतें: आठवड्यांतून रविवारची एक सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, सकाळीं साडेसहा ते सूर्यास्त एवढेंच काम, आणि पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचें काम ही त्या काळीं सवलत होती! २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मी येथें सुमारें दहा हजार कामगार जमले, आणि १० जून १८९० रोजीं मालकांनीं आठवड्याची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षींच्या कायद्यानें ती देशभरच्या कारखान्यांना लागू झाली. त्यानंतर मुंबईच्या गिरण्या बुडाल्या नाहींत. त्यांची भरभराट पुढें कित्येक दशकें टिकली. आज रविवारीं सकाळीं निवांत चहा घेणाऱ्या घरांतून लोखंड्यांचें नांव फारसें निघत नाहीं, ही गोष्ट निराळी.

तर मग कायद्यानें सुटी दिली, तास ठरविले, आतां वरिष्ठानें करावयाचें काय राहिलें? राहिलें आहे तें बरेंच. आजच्या कचेरीचा भार घड्याळांत मावत नाहीं. भाईंदर ते चर्चगेट हें अंतर चाळीस किलोमीटरांहून अधिक. जाण्यायेण्यांत उभ्यानें तीन तास सहज जातात, आणि ते कोणत्याच हजेरीपटावर चढत नाहींत. घरीं पोंचल्यावर खिशांतला भ्रमणध्वनि कचेरी पुन्हा दारांत आणून उभी करतो. रात्रीं साडेदहा वाजतां वरिष्ठानें सहज म्हणून चार ओळींचा निरोप धाडला, आणि शेवटीं 'उद्यां पाहिलें तरी चालेल' असें लिहिलेंहि; तरी हाताखालचा मनुष्य तो वाचतो, उत्तर देतो, आणि मग तासभर कुशी बदलीत पडतो. वरिष्ठाच्या तोंडच्या शब्दापेक्षां त्याची सवय अधिक मोठ्यानें बोलते. तो स्वतः रात्रीं आठपर्यंत बसतो म्हणून सहाला उठणारा मनुष्य चोरासारखा पिशवी उचलतो. तो सुटी घेत नाहीं म्हणून इतरांना सुटीचा अर्ज लिहितांना लाज वाटते. नियमपुस्तकांत कांहींहि असो, कचेरीचा खरा नियम प्रमुखाच्या दिनक्रमांत लिहिलेला असतो.

यांत केवळ चैनीचा किंवा सोयीचा प्रश्न आहे असें नाहीं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनीं २०२१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें दिसलें, कीं आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या मानानें, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनीं आणि हृदयविकारानें मृत्यु येण्याचा धोका १७ टक्क्यांनीं अधिक असतो. एकट्या २०१६ सालीं अशा दीर्घ कामापायीं जगांत सुमारें ७ लाख ४५ हजार माणसें दगावल्याचा त्यांचा अंदाज होता. हीं माणसें लढाईंत पडलीं नाहींत. तीं कामावर जातयेत होतीं.

भाईंदरच्या पूर्वेस स्टीलचीं भांडीं घडविणारे पुष्कळ लहान कारखाने आहेत; तेथें हीच गोष्ट वेगळ्या रूपानें दिसते. पत्र्याची गोल चकती दाबयंत्राखालीं धरावयाची, यंत्राचा ठोका पडण्यापूर्वीं हात बाहेर काढावयाचा, आणि हें दिवसांतून शेंकडों वेळां करावयाचें. येथें थकवा म्हणजे कंटाळा नव्हे. थकवा म्हणजे बोटें. सणासुदीपूर्वीं मागणी वाढते, नगावर मजुरी असली तर कामगार स्वतःच आणखी दोन तास मागतो, आणि मालकालाहि तें हवें असतें. अशा वेळीं 'आतां यंत्र बंद' असें म्हणण्याचें धैर्य ज्या फोरमनच्या अंगीं आहे तो खरा वरिष्ठ. यासाठीं त्याला दोन्ही बाजूंचा रोष पत्करावा लागतो. पण तो रोज एकाच ठरलेल्या वेळीं यंत्र थांबवीत आला असेल, तर सणाच्या आठवड्यांतहि त्याला वाद घालावा लागत नाहीं. सवयीचें सामर्थ्य येथें कळून येतें. निर्णय दर वेळीं नव्यानें करावयाचा म्हटला कीं तो मोहाच्या क्षणीं करावा लागतो, आणि मोहाच्या क्षणीं केलेले निर्णय कोणत्या बाजूला झुकतात हें सांगावयास नको.

कोणी म्हणेल, होडीला उधाण-भांग आहे, कचेरीला कोठें आहे? शंका रास्त आहे. विजेच्या दिव्याखालीं अष्टमी आणि पौर्णिमा सारखीच. नेमक्या याच कारणासाठीं तेथें वरिष्ठाची गरज आहे. समुद्र जें तांडेलासाठीं आपोआप करतो तें येथें माणसाला करावें लागतें. बारकाईनें पाहिलें तर बहुतेक कामांना स्वतःची भरती असतेच. पगारपत्रकाचा आठवडा, कराच्या तारखा, शाळांच्या परीक्षा, दुकानांतले सण, या गोष्टी पंचांगासारख्या आधीं ठाऊक असतात. त्या वर्षारंभींच एका कागदावर मांडून, कोणत्या आठवड्यांत सर्वांनीं कंबर कसावयाची आणि त्यानंतरच्या कोणत्या आठवड्यांत नवें काम अंगावर घ्यावयाचें नाहीं, हें वरिष्ठानें जाहीर करावें. त्या मोकळ्या आठवड्यांत कपाटें लावावीं, जुन्या चुका तपासाव्या, नव्या माणसाला जुन्या माणसाजवळ बसवावें, सुट्या द्याव्या. हें जाळें विणण्याचें काम आहे. तें दिसत नाहीं, म्हणून वरचे साहेब त्याला रिकामपण समजण्याची भीति असते. त्यांच्यापुढें त्याची बाजू मांडणें हेंहि वरिष्ठाच्याच वांट्याला येतें, आणि पुष्कळ भले वरिष्ठ नेमके तेथें कच खातात.

आपली वहिवाट टिकण्याजोगी आहे कीं नाहीं, हें पाहण्याचा एक सोपा उपाय आहे. वरिष्ठानें आठ दिवसांची रजा घेऊन गांवीं जावें, काम दुसऱ्या कोणाच्या तरी हातीं खरोखर सोंपवावें, आणि त्या आठ दिवसांत कचेरींतून आपल्याला किती वेळां विचारणा झाली तें लिहून ठेवावें. प्रत्येक विचारणा म्हणजे एक न शिकविलेली गोष्ट, किंवा एक न दिलेला अधिकार. परत आल्यावर ती यादी घेऊन माणसांजवळ बसावें आणि एकेक बाब निकालांत काढावी. सहा महिन्यांनीं पुन्हा रजा घ्यावी आणि पुन्हा मोजावें. रजेवर असतांना एकदांहि विचारणा आली नाहीं, तर कांहीं वरिष्ठांना त्याचें वाईटहि वाटतें. त्यांनीं त्या दिवशीं उत्तनला जाऊन वलांडीवरचे बोंबील पाहून यावें.